थकलेले भाडे आणि चोरलेली जात

मराठी साहित्यात घर पुष्कळ आहे. वाडा आहे, माजघर आहे, तुळशीवृंदावन आहे, चाळीतली खोली आहे. घर सुटल्याचे दुःख आहे, घर बांधल्याचा आनंद आहे. परंतु भाड्याचे घर, त्या घराचे थकलेले भाडे आणि ते थकले म्हणून दाराबाहेर निघालेले सामान हा विषय कुणी गंभीरपणे हाताळला आहे का, असे शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही. घरमालक आणि भाडेकरू यांचे भांडण आपल्याकडे बहुधा विनोदाच्या खात्यावर जमा झालेले आहे. मालक कंजूष, भाडेकरू बेरकी, नळाला पाणी नाही, जिना मोडका, आणि पहिल्या तारखेला भाडेकरू मागच्या दाराने पसार. हे चित्र नाटकात आहे, सिनेमात आहे, दिवाळी अंकांच्या व्यंगचित्रांतही आहे.

पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली. वसतिगृहात असताना मी ती प्रथम वाचली आणि पोट धरून हसलो, हे मला लपवायचे नाही. लेखकाच्या प्रतिभेविषयी आजही मला आदर आहे. परंतु दुसऱ्यांदा वाचताना मी चाळीतली नावे मोजू लागलो. त्रिलोकेकर, पावशे, रेगे, नाडकर्णी, गुप्ते, बर्वे, कोचरेकर मास्तर. या माणसांचे आपसांत पटत नाही, कुणाचे कोकण कुणाच्या देशावर कुरघोडी करते, तरी ती सारी एका छपराखाली आहेत. ते छप्पर गळके असेल, पण ते आपल्याला मिळालेच कसे, हा प्रश्न त्यांतल्या एकालाही पडत नाही. हसता हसता माझ्या ध्यानात आले की या चाळीत मला खोली मिळाली नसती. यात लेखकाचा दुष्टपणा नाही. त्याच्या जगाची ती सीमा आहे. समीक्षेने मात्र ही सीमा दाखवायला हवी होती, ती तिने दाखवली नाही. चाळ म्हणजे अवघ्या मध्यमवर्गीय मुंबईचा आरसा, असे म्हणून ती मोकळी झाली.

हा विनोद शक्य कसा झाला, याचे उत्तर साहित्यात नाही, ते कायद्यात आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागेची टंचाई झाली, आणि १९१८ साली भाडेवाढीला लगाम घालणारा कायदा आला. पुढे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते त्याच्याशी प्रमाण भाडे बांधले गेले. या कायद्याचे बारावे कलम भाडेकरूच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. भाडेकरू प्रमाण भाडे देत आहे किंवा देण्यास तयार आणि राजी आहे, तोवर मालकाला जागेचा ताबा मागता येत नाही. भाडे थकले तरी आधी महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते. भाड्याच्या रकमेविषयी वाद नसेल, सहा महिन्यांचे भाडे तुंबले असेल आणि नोटिशीनंतर महिनाभरातही ते भरले नसेल, तर मात्र भाडेकरूला वाचवणे कोर्टाच्याही हाती राहत नसे. त्या सहा महिन्यांच्या अलीकडे वाद, हप्ते, तारखा, तडजोड यांना भरपूर जागा होती. मालक त्रासला, त्याला डागडुजी परवडेना, इमारती खचल्या. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयालाही म्हणावे लागले की हे गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला. त्यात नोटिशीची मुदत नव्वद दिवसांची आहे. दाव्याचे समन्स लागल्यावरही नव्वद दिवसांत थकबाकी शेकडा पंधरा व्याजासह कोर्टात भरली की भाडेकरूचे घर वाचते.

म्हणजे मध्यमवर्गीय भाडेकरू निर्धास्त होता, म्हणून तो विनोदी होऊ शकला. ज्याचे घर खरोखर जाणार आहे त्याच्यावर विनोद लिहिता येत नाही. परंतु हा कायदा कुणाचा, असा प्रश्न आपण विचारला पाहिजे. हा कायदा आत असलेल्याचा आहे. जो आत शिरला, ज्याच्या नावाने एकदा पावती फाटली, त्याचे तो रक्षण करतो. ज्याला उंबऱ्यावरच ‘तुम्ही कोण?’ असे विचारले जाते, त्याच्याशी त्या बाराव्या कलमाला कर्तव्य नाही. तो देण्यास तयार आहे, राजीही आहे. मालक घेण्यास राजी नाही. आणि मालकाने राजी असले पाहिजे, असे ते कलम कुठेच म्हणत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९१७ मधला बडोद्याचा अनुभव या ठिकाणी नव्याने वाचला पाहिजे. आपण तो स्मरणाच्या भाषणांत इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातले बारकावे आपल्या कानांवरून निसटून जातात. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मपर लेखनात तो आला आहे. परदेशात उच्च शिक्षण घेतलेला, बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेला हा तरुण एका पारशी धर्मशाळेत उतरतो. ती फक्त पारशांसाठी आहे. तिच्या चालकाला उत्पन्नाची गरज आहे, कारण एकही उतारू आलेला नाही. तेव्हा तडजोड होते. नोंदवहीत पारशी नाव लिहायचे आणि रोजचा दीड रुपया द्यायचा. वरच्या मजल्यावर अडगळीच्या सोबतीने, कंदिलाच्या उजेडात तो वाचत बसतो. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर लोक येतात आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा म्हणून बजावतात. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडेही आसरा मिळत नाही. गाडीची वेळ होईपर्यंत तो कामाठीबागेत बसून राहतो.

हा प्रसंग अपमानाचा म्हणून आपण सांगतो, आणि तो तसा आहेच. परंतु त्याला घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला खटला म्हणून कधी वाचले आहे काय? तसे वाचले तर काय दिसते? भाडे ठरले होते. भाडेकरू ते देण्यास तयार व राजी होता. मालकाचीही तक्रार नव्हती, नोंदवहीत खोटे नाव त्याच्याच संमतीने आले होते. त्याला समोरच्या माणसाच्या जातीची चौकशी करायची नव्हती, त्याला वहीत एक चालेल असे नाव हवे होते. आणि तरीही हकालपट्टी झाली. दोन पक्षांच्या या करारात एक तिसरा पक्ष होता, त्याच्या हातात काठी होती, आणि त्याचे नाव कोणत्याही करारनाम्यात लिहिलेले नसते. मी त्याला समाज म्हणतो. इथे पारशी मंडळींना वेगळे काढून बोल लावण्यात अर्थ नाही. दार त्या हिंदू मित्राचेही उघडले नाही.

बाबुराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा त्याच नावाच्या संग्रहात १९६३ साली आली. तीही गुजरातेतच, सुरतेजवळच्या उधन्यात घडते. स्वतः बागूलही रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेला गेले होते आणि राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला होता. कथेतल्या नायकाला सरकारी नोकरी आहे, पगार आहे, भाषा आहे, स्वप्ने आहेत. नोकरीच्या ठिकाणी कागद पुरतो, राहायच्या ठिकाणी पुरत नाही. तिथे जात सांगावी लागते किंवा चोरावी लागते. काशिनाथ सकपाळ नावाचा दुसरा तरुण ती चोरत नाही, आणि त्याची किंमत रोज मोजतो. शेवटी नायकाची जात उघडी पडते, त्याला मार बसतो, आणि काशिनाथच त्याला वाचवतो.

या कथेच्या शीर्षकातल्या क्रियापदाकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. बागूल ‘लपवली’ म्हणत नाहीत, ‘चोरली’ म्हणतात. लपवणे ही भीतीची क्रिया आहे, चोरणे हा गुन्हा आहे. आपलीच वस्तू आपण चोरली, असे म्हणण्याची वेळ ज्या व्यवस्थेत येते, त्या व्यवस्थेत मालक कोण आणि भाडेकरू कोण हे आधीच ठरलेले असते. जात माझी, पण तिची मालकी गावाकडे. मी तिच्यात राहतो तो भाडेकरू म्हणून, आणि ती सोडून जायचीही मला परवानगी नाही. या एका क्रियापदाने बागूलांनी जे सांगितले ते पानेच्या पाने लिहूनही आपल्या कितीतरी लेखकांना सांगता आलेले नाही.

इथपर्यंतचे विवेचन मी वर्गात अनेकदा केले आहे. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, “सर, त्याचं भाडं थकलं असतं तर?” वर्ग हसला. मी वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि अजून गेलेला नाही.

कारण ती मुलगी आपल्या साहित्याच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवत होती. बडोद्याच्या भाडेकरूने काही थकवलेले नाही. उधन्याचा भाडेकरू पगारदार आहे. दोघेही हिशेबाने स्वच्छ आहेत, आणि म्हणून अन्याय लख्ख दिसतो. आपल्या स्वकथनांनीही बहुधा अशीच लख्ख उदाहरणे निवडली. ते त्या काळाला आवश्यक होते. जो समाज अन्याय झाला हेच मान्य करीत नाही, त्याच्यासमोर निर्विवाद साक्षीदार उभा करावा लागतो. परंतु ज्याचे भाडे खरोखर थकले आहे, ज्याच्यापाशी त्या दिवशी पैसे नाहीत, आणि ज्याला ‘भाडे थकले म्हणून’ बाहेर काढले जाते, असा भाडेकरू आपल्या साहित्यात कुठे आहे? त्याच्याकडे निर्विवादपणाची चैन नाही. आणि आज सर्वांत जास्त संख्येने तोच आहे.

तो भाडेकरू मी आहे, म्हणून थोडे स्वतःविषयी.

मी नेवाशात शिकवतो. प्रवरेच्या काठचे हे गाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पहिल्या पानावर आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, इथे एका खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. तो पैस खांब पाहायला लोक लांबून येतात. ज्या कुटुंबाला ब्रह्मवृंदाने वाळीत टाकले, त्या कुटुंबातल्या मुलाला या गावात टेकायला एक खांब मिळाला, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. त्याच तालुक्यातल्या सोनईत जानेवारी २०१३ मध्ये तीन दलित तरुणांचे खून झाले आणि २०१८ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली, हेही सांगतो. ती जात हत्यार घेऊन आली होती म्हणून कोर्टाला दिसली. जी जात हत्यार घेत नाही, आवाजही चढवत नाही, तिच्याविषयी मला बोलायचे आहे.

माझे आई-वडील ऊसतोड कामगार. पाथर्डीकडून दर हंगामात या भागातल्या कारखान्यांवर यायचे. माझे नेवासे तालुक्यातले पहिले घर म्हणजे तळावरची पाचटाची कोपी. तिला भाडे नव्हते, पट्टा पडला की ती मोडून निघायचे. थकबाकी हा शब्द आमच्या घराला नवा नाही, आम्ही तिला उचल म्हणत असू. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगाम संपला तरी फिटत नसे, आणि ती फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जायचे. भाडे थकले की माणसाला घराबाहेर काढतात आणि उचल थकली की बाहेर पडू देत नाहीत, हा फरक मला फार उशिरा कळला.

त्याच तालुक्यात मी प्राध्यापक म्हणून आलो. तासिका तत्त्वावर. या पद्धतीत तासांचा हिशेब असतो, मानधनाच्या तारखेचा नसतो. मी गावात दोन खोल्या घेतल्या, भाडे महिना तीन हजार. कागद केला नाही. मालक निवृत्त गृहस्थ, सभ्य. मी त्यांना काका म्हणत असे, ते मला सर म्हणत. काकू अधूनमधून ताक पाठवीत. माझे आडनाव गावावरून पडलेले, त्यातून काही उमगत नाही. जात कुणी विचारली नाही, मी सांगितली नाही. शेजारच्या खोलीत माझाच एक सहकारी राहत होता, तोही तासिका तत्त्वावरचा, पण त्याचे आडनाव सगळ्यांना उमगणारे. जूनचे भाडे मी दिले, त्याने तेही दिले नव्हते. जुलैपासून दोघांचेही थकत गेले. काका म्हणत, “येतील हो सर, सरकारचे पैसे कुठं जातात?”

६ डिसेंबरला वडील दादरला चैत्यभूमीवर गेले होते. परतताना ते माझ्याकडे उतरले, आणि तिथून आणलेला बाबासाहेबांचा फोटो त्यांनी पिशवीतून काढला. खिळा होता, हातोडी नव्हती. ते स्वतःच समोर गेले आणि काकूंना म्हणाले, “ताई, जरा हातोडी देता का?” काकूंनी हातोडी दिली. वडिलांनी फोटो लावला, हातोडी पुसून परत केली आणि दुसऱ्या दिवशी ते गावी गेले.

त्यानंतर ताक आले नाही. दोन आठवड्यांनी काका दारात आले. म्हणाले, “सर, सहा महिने होत आले. आणि भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत असं बोललो होतो ना आपण?” असे काही बोलणे झाले नव्हते, पण थकबाकी खरी होती. मी मान खाली घातली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मानधन जमा झाले. मी अठरा हजार रुपये पाकिटात घालून काकांकडे गेलो. त्यांनी पाकिटाकडे पाहिलेही नाही. अगदी मऊ आवाजात म्हणाले, “पैशाचं राहू द्या सर, सावकाश द्या. खोली तेवढी मोकळी करा.”

या दोन वाक्यांचे मी आज इतक्या वर्षांच्या अध्यापनाच्या बळावर विश्लेषण करू शकतो. त्या दिवशी करू शकलो नाही. ज्या कारणासाठी मला काढले जात होते ते कारण मी पाकिटात घालून समोर ठेवले, तर ते कारणच नको झाले. परंतु हे मी सिद्ध करू शकतो का? नाही. काकांनी जातीचा शब्द उच्चारला नाही. कदाचित जास्त अनामत देणारा कुणी मिळाला असेल. कदाचित खरोखरच त्यांना भिंतीचे वाईट वाटले असेल. सहकाऱ्याची सात महिन्यांची थकबाकी होती, तो पुढे दोन वर्षे तिथेच राहिला. तो माझा मित्र आहे. तो मला म्हणाला, “तू फार मनाला लावून घेतोस.” एका वकील मित्राला विचारले, तर त्याचे म्हणणे असे की भांडायला जागा आहे, पण निकाल लागेपर्यंत राहणार कुठे? मी खोली सोडली. नेवासा फाट्यावर दुसरी मिळाली. आठ दिवसांनी काकांना फोनवरून पैसे पाठवले. पोहोचल्याचा निरोप आला. शेवटी लिहिले होते, ‘धन्यवाद सर’.

आता समीक्षेचा प्रश्न. जात आज बहुतेक वेळा काठी घेऊन येत नाही. ती पावतीच्या आड उभी राहते. थकबाकी, अनामत, खिळा, पाहुण्यांची वर्दळ, स्वयंपाकाचा वास, ‘घरात लग्नाचे आहे, जागा लागणार आहे’, अशी सभ्य, वाजवी, कायद्यात बसणारी कारणे तिला मिळालेली आहेत. कायदा कारण तपासतो, कारणामागचे मन तपासायला त्याच्यापाशी साधन नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने कोणत्याही वस्तीत घर घेण्याला किंवा राहण्याला अस्पृश्यतेच्या कारणाने आड येणे हा गुन्हा ठरवला आहे. परंतु कारण अस्पृश्यतेचे होते हे दाखवायचे कसे, जेव्हा मालक म्हणतो की कारण अठरा हजारांचे होते? आणि जिथे निवड उघडपणे केली जाते तिथेही कायद्याचा हात आखडतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा अधिकार संस्था-स्वातंत्र्याच्या आधारे मान्य केला. बडोद्याच्या त्या धर्मशाळेला अठ्ठ्याऐंशी वर्षे झाली होती.

जिथे कोर्टाचा पुरावा संपतो तिथे साहित्याचा पुरावा सुरू व्हायला हवा. न आलेले ताक हा कोर्टात पुरावा नाही, कथेत आहे. पाकिटाकडे न पाहणारे डोळे, मऊ झालेला आवाज, ‘सर’ हा शब्द न बदलताही बदललेला त्याचा सूर, हे फक्त साहित्याला टिपता येते. परंतु त्यासाठी आपल्या लेखकाने स्वतःचा हिशेब स्वच्छ नसल्याचे आधी कबूल करायला हवे. माझे भाडे थकले होते. हे वाक्य लिहायला मला लाज वाटते, आणि ती लाज हीच या विषयाची गुरुकिल्ली आहे असे मला वाटते.

लाज एकट्याची असते. इथे मला चरीची आठवण होते. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या परिसरात २७ ऑक्टोबर १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचे थांबवले. हा संप १९३९ पर्यंत चालला. बाबासाहेबांनी या शेतकऱ्यांची बाजू घेतली आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. तिथे खंड न देणे ही शरमेची गोष्ट राहिली नाही. ती ताठ मानेची गोष्ट झाली, कारण नाही म्हणणारा आवाज गावाचा होता. तासिका तत्त्वावरचे आम्ही शेकडो जण एकाच वेळी, एकाच कारणाने भाडे थकवून बसलेलो असतो. तरी प्रत्येक जण आपापल्या काकांसमोर एकटा मान खाली घालतो. नकार आणि विद्रोह हे शब्द आम्ही वर्गात शिकवतो, आणि घरमालकाच्या दारात चप्पल काढून उभे राहतो. हा विरोधाभास आमच्या पिढीच्या लेखनात यायला हवा.

परंतु एवढ्यावर थांबलो तर तीही एक सोय होईल. दया पवार आमच्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांच्या ‘बलुतं’ मध्ये (१९७८) मुंबईच्या कावाखान्याचे वर्णन आहे. लहानशा खोल्या, आणि प्रत्येक खोलीत आणखी दोन-तीन पोटभाडेकरू, मध्ये खोक्यांच्या फळ्यांचे आडोसे. हे वर्णन आपण दारिद्र्याचे चित्र म्हणून वाचतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याला फळीचा आडोसा मिळाला तो, ज्याला तोही मिळाला नाही त्याचा मालक झाला होता. ही उतरंड आपल्यातही आहे. ‘बलुतं’ लिहिणाऱ्याने ती झाकली नाही. झाकली ती आपण, वाचताना.

माझ्या धाकट्या भावाने गावी रस्त्याकडेला दोन खोल्या बांधल्या आहेत. कोपीत वाढलेल्या मुलांचे हे पक्के घर. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. जवळच्या शाळेवर कंत्राटी लागलेला एक तरुण शिक्षक खोली मागायला आला होता, पारधी समाजातला. भाऊ म्हणाला, “दादा, काय सांगू? गल्लीतले कुरकूर करतात.” मी क्षणभर गप्प राहिलो, आणि मग माझ्या तोंडून जे पहिले वाक्य निघाले ते असे, “पगार वेळेवर होतो का त्याचा?”

वाक्य वाजवी होते. कोणताही मालक विचारील असे. जातीचा त्यात शब्दही नव्हता. फोन ठेवल्यावर मला तो मऊ आवाज ओळखू आला.

मी पुन्हा फोन केला, आणि भावाने त्या शिक्षकाला खोली दिली. त्यात माझा मोठेपणा नाही, तो दुसरा फोन होता. ज्या दिवशी आपला एखादा लेखक त्या पहिल्या फोनची कथा लिहील, आणि ती भाडेकरूच्या बाजूने न लिहिता मालकाच्या बाजूने, प्रथमपुरुषी लिहील, त्या दिवशी मी ती घेऊन वर्गात जाईन. मागच्या बाकावरची ती मुलगी तोवर पदवी घेऊन बाहेर पडलेली असेल. तिला ती कथा टपालाने पाठवावी लागेल. कुठल्या पत्त्यावर, ते तिला कुठे खोली मिळते त्यावर अवलंबून आहे.